हिरव्या पाण्याचे नाव

२०२२ च्या डिसेंबरात मी देवगडच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून घरी आणली. घर म्हणजे कुडवा, गोंदिया शहराला चिकटलेले गाव. देवगड ते कोल्हापूर एस.टी.ने आणि कोल्हापूर ते गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेसने. दिवसाहून जास्त वेळ ती बाटली मांडीवर धरून बसलो होतो. कारण आदल्या रात्री त्याच पाण्यात हात घातला, तेव्हा बोटांभोवती निळा उजेड फुटला होता. घरी येऊन दिवे घालवले आणि बाटली हलवली. काही झाले नाही. झाकण उघडले तर सडक्या मासळीचा वास. बायको म्हणाली, "हे सयपाकघरात ठेवू नोका जी." बाटली माडीवर गेली. तिच्यावर मी एक चिठ्ठी चिकटवली होती : 'नॉक्टिल्युका, देवगड'. एवढेच दोन शब्द. त्या दोन शब्दांत किती उणे होते, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

त्या प्रवासानंतर मी इथल्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. त्यातला मुद्दा असा होता : आमच्या शिवारात पडलेला पाऊस वैनगंगेला मिळतो, वैनगंगा प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. हिवाळ्यात उपसागराचे कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागात शिरते. म्हणजे कुडव्याचा थेंब हिशेबाने अरबी समुद्रातही जातो. सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले, पाणी एक, म्हणून पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीवही सगळीकडे एकच, असा निष्कर्ष मी ठोकून दिला होता. लेख लोकांना आवडला. प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचे मात्र पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती : पाणी एक आहे हे मान्य, पण जीव एक हे कशावरून?

हा लेख म्हणजे त्या पोस्टकार्डाचे उत्तर आहे, आणि माझ्या चुकीची दुरुस्तीही.

दाण्याची पारख

मी शास्त्रज्ञ नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि गेली तीस वर्षे मी धानाच्या गिरणीत मुनीम आहे. पण पारख म्हणजे काय, ते मी गिरणीत पाहिले आहे. दोन पोत्यांतले धान माझ्यासारख्याला सारखेच दिसते. जुना अडत्या मूठभर दाणे तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली घालतो आणि सांगतो की हे एचएमटी, आणि यात दुसऱ्या वाणाची भेसळ आहे. भरडाईत कणी किती पडेल, भाताला चिकटा येईल की नाही, सारे त्या ओळखीवर अवलंबून असते. चूक झाली तर पैसा जातो.

त्या एचएमटीची गोष्टही आमच्याच भागातली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या 'पटेल ३' धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. तेच शेत, तेच पाणी, तोच वाण. तरी त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. त्यातून बारीक तांदळाचा नवा वाण उभा राहिला आणि बाजाराने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले. ज्याने वेगळेपण पाहिले त्याचे नाव वाणाला लागले नाही. ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

समुद्रातल्या ज्या जीवांविषयी मला लिहायचे आहे त्यांना आपण प्लवक म्हणतो. पाण्याच्या ओघाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसलेले, पाणी नेईल तिकडे जाणारे जीव. काही वनस्पतींसारखे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, काही त्यांना खातात. तारली आणि बांगडा याच अन्नावर वाढतात. मासा हे समुद्राचे पीक मानले, तर प्लवक ही त्याची जमीन. आणि या जमिनीत कोणता वाण उगवला आहे, हे ओळखण्याची गोष्ट दोनशे वर्षे चालली आहे.

समुद्रातला बाजरीचा दाणा

रात्री चमकणाऱ्या पाण्याचे कारण असलेल्या एका जीवाला १८१० मध्ये जेम्स मॅकार्टनी या आयरिश शरीरशास्त्रज्ञाने नाव दिले. त्याने त्याला मेड्युसा, म्हणजे जेलीफिशच्या कुटुंबात घातले. मऊ, पारदर्शक, गोल, मधे एक खाच. दिसण्यावरून तसे वाटणे साहजिक होते. काही वर्षांतच फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातले सुरिरे यांनी त्याला 'नॉक्टिल्युका मिलियारिस' म्हटले. नॉक्टिल्युका म्हणजे रात्री उजळणारी, मिलियारिस म्हणजे बाजरी-राळ्यासारख्या दाण्याची. हे नाव वाचले तेव्हा मला गिरणी आठवली. मॅकार्टनीचे नाव आधीचे असल्यामुळे पुढे त्यातला दुसरा शब्द परत आला आणि १९२१ पासून हा जीव 'नॉक्टिल्युका सिंटिलान्स' या नावाने स्थिरावला.

हा जेलीफिश नाही. एकाच पेशीचा जीव आहे, पण पेशी एवढी मोठी की नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसते. आकार साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी थोडा जास्त. पाणी हलले की त्याच्या आत रासायनिक क्रिया होते आणि निळा प्रकाश चमकून जातो. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत लोक रात्री किनाऱ्यावर गर्दी करून जो निळा उजेड मोबाइलमध्ये टिपत होते, तो याच जातीच्या नावावर छापून आला.

पण या एका नावाखाली दोन प्रकारचे जीव आहेत. एक लाल. त्याची संख्या वाढली की पाणी विटकरी-गुलाबी दिसते. तो स्वतः अन्न तयार करत नाही. डायाटम म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म वनस्पती, इतर जीवांची अंडी, जे सापडेल ते गिळतो. दुसरा हिरवा. तोही गिळतोच. पण त्याच्या पेशीच्या आत हजारो चिमुकले हिरवे जीव मोकळे पोहत असतात. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि घरमालकाला देतात. मालकाला खायला काही मिळाले नाही तरी भाडेकरूंच्या कमाईवर त्याचे चालते.

२०११ मध्ये पॉल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून या दोघांचा भूगोल मांडला. लाल प्रकार मुख्यतः १० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या किनारी पाण्यात, जगात पुष्कळ ठिकाणी. हिरवा २५ ते ३० अंशांच्या उबदार पाण्यात, आग्नेय आशियाचे समुद्र, बंगालचा उपसागर, अरबी समुद्र, तांबडा समुद्र एवढ्याच पट्ट्यात. दोघांची हद्द जिथे एकमेकींत मिसळते, अशा मोजक्या ठिकाणांत आपला अरबी समुद्र येतो. इथे दोघे ऋतू वाटून घेतात : हिवाळ्यात हिरवा, उन्हाळ्याच्या मान्सूनमध्ये लाल.

म्हणजे माझ्या बाटलीवरच्या 'नॉक्टिल्युका' या शब्दाने काहीच सांगितले नव्हते. मालकाचे नाव होते, आत कोण राहतो याचा पत्ता नव्हता.

कालिकत, १९५४

आत कोण राहतो, हा प्रश्न आपल्या देशात, आपल्याच किनाऱ्यावर विचारला गेला होता.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, सागरी मासेमारीच्या संशोधनासाठी केंद्र सरकारने मद्रासला केंद्र सुरू केले. त्याचे एक उपकेंद्र कालिकतला, म्हणजे आजच्या कोळिकोडला होते. पश्चिम किनाऱ्यावर तारली कधी येते आणि कधी नाहीशी होते, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर माशाच्या पोटातल्या प्लवकांत शोधायचे, तर आधी प्लवकांची ओळख हवी. आर. सुब्रह्मण्यन हे वनस्पतिशास्त्रज्ञ हे काम करत होते. मद्रासच्या किनाऱ्यावरील डायाटमांवरचे त्यांचे विस्तृत काम १९४६ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

कालिकतजवळ समुद्राचे पाणी हिरवे झाले. ते नॉक्टिल्युकाने झाले होते. सुब्रह्मण्यन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा हिरवा रंग नॉक्टिल्युकाचा नव्हताच, तिच्या आत पोहणाऱ्या जीवांचा होता. त्यांनी त्या जीवाचे वर्णन केले आणि १९५४ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात ते छापले. हा जीव आधी माहीत असलेल्या कोणत्याही वंशात बसत नाही, असे ठरवून त्यांनी त्यासाठी नवा वंश आणि नवी जाती तयार केली : 'प्रोटोयुग्लिना नॉक्टिल्युकी'. नावात युग्लिना आहे, कारण त्यांच्या मते तो युग्लिनाच्या गटातला होता. डबक्यातल्या हिरव्या पाण्यात सापडणारी युग्लिना आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे.

पुढची पायरी दुसऱ्या समुद्रात घडली. कॅलिफोर्नियातल्या बिअट्रिस स्वीनी यांनी १९७१ मध्ये न्यू गिनीजवळच्या हिरव्या नॉक्टिल्युकाचा प्रयोगशाळेतला अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये त्यांनी आग्नेय आशियातल्या त्याच भाडेकरूवर लिहिले. तोवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला होता. पेशीच्या आतली रचना दिसू लागली होती आणि त्या रचनेवरून हा जीव युग्लिना गटातला नाही हे स्पष्ट झाले. तो साध्या हिरव्या शैवालांच्या गटातला होता, पेडिनोमोनास नावाच्या वंशाशी जुळणारा. स्वीनी यांनी त्याला त्या वंशात हलवले. नवे नाव झाले 'पेडिनोमोनास नॉक्टिल्युकी'.

वनस्पतींच्या नावांचा एक नियम आहे. जातीला प्रथम नाव देणाऱ्याचे नाव पुसले जात नाही. जाती दुसऱ्या वंशात हलवली, तर पहिल्याचे नाव कंसात जाते आणि हलवणाऱ्याचे कंसाबाहेर येते. त्याप्रमाणे त्या हिरव्या जीवाच्या पुढे लिहिले जाऊ लागले : (सुब्रह्मण्यन) स्वीनी. मी हा कंस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला नांदेडचे दादाजी आठवले. इथे निदान कंस तरी होता.

चाळीस वर्षे तो तसाच राहिला.

हिरवा हिवाळा

मधल्या काळात अरबी समुद्र बदलला. पूर्वी उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायाटमांची भरघोस वाढ होत असे. हिमालयाच्या बाजूने येणारे थंड कोरडे वारे वरचे पाणी गार करतात, गार पाणी जड होऊन खाली जाते, खालचे पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि डायाटमांना खत मिळते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डायाटमांच्या जागी हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड पट्टे दिसू लागले.

हेल्गा दो रोझारियो गोम्स आणि जोआकिम गोएस हे दोघे मूळचे गोव्याचे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी काम केले होते आणि पुढे ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लामोंट-डोहर्टी वेधशाळेत गेले. त्यांनी आणि भारतीय सहकाऱ्यांनी 'सागर संपदा' या बोटीवरून या पट्ट्यांचा पाठलाग केला. २०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये त्यांनी मांडले की उजेड पोहोचतो त्या वरच्या थरात कमी प्राणवायूचे पाणी घुसू लागले आहे, आणि अशा पाण्यात नॉक्टिल्युकाच्या आतला हिरवा भाडेकरू इतर वनस्पतिप्लवकांपेक्षा चांगले काम करतो. डायाटमांवर उभी असलेली अन्नसाखळी मोडली तर मासेमारीवर परिणाम होईल, अशी चिंताही त्यांनी नोंदवली. अरबी समुद्राच्या भोवती किनाऱ्यावर राहणाऱ्या सुमारे १२ कोटी लोकांचा हा प्रश्न आहे. २०२० मध्ये गोएस आणि सहकाऱ्यांनी या बदलाचा संबंध हिमालय आणि तिबेटच्या पठारावरच्या घटत्या बर्फाशी जोडला. बर्फ कमी म्हणून वारे उबदार आणि दमट, म्हणून पाणी नीट ढवळले जात नाही आणि खत वर येत नाही. अशा उपाशी पाण्यात दोन्ही मार्गांनी पोट भरणारा जीव तगतो.

हे सर्वांना मान्य आहे असे नाही. २०१८ मध्ये हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातल्या अनीश लोटलीकर आणि सहकाऱ्यांनी ईशान्य अरबी समुद्रातल्या अशा वाढीचा अभ्यास छापला, जिथे प्राणवायूची टंचाई नव्हती. वाद चालू आहे आणि तो चालू असणे चांगले. दोन्ही बाजू ज्या जीवाबद्दल बोलतात तो नेमका कोण, हे मात्र ठरलेले असायला हवे.

ते ठरवण्याचे काम २०१६ मध्ये जनुकांनी केले. वांग, लिन, गोएस आणि लिन या चौघांनी त्या भाडेकरूची तीन जनुके वाचली आणि ती त्याच्या नातेवाईक शैवालांच्या जनुकांशेजारी ठेवली. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. नक्कल करताना त्यात अधूनमधून अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत जाते. दोन जीवांत ज्या चुका समाईक, त्यावरून त्यांचे नाते ओळखता येते. जुन्या पोथ्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून कोणती कोणावरून उतरवली हे अभ्यासक ठरवतात, तसेच हे काम. निष्कर्ष असा निघाला की हा जीव पेडिनोमोनासच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे, पण पेडिनोमोनास नाही. तो वेगळ्या गणात पडतो आणि त्याचा वंश वेगळाच मानला पाहिजे. वेगळ्या वंशासाठी नवे नाव शोधण्याची गरज नव्हती. ते १९५४ पासून तयार होते. प्रोटोयुग्लिना परत आले.

सुब्रह्मण्यन यांनी जीवाचे कूळ चुकीचे सांगितले होते. ती चूक स्वीनी यांनी दुरुस्त केली आणि ते योग्यच झाले. पण हा जीव इतरांपेक्षा वेगळा आहे, हे कालिकतला साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले बासष्ट वर्षांनी खरे ठरले. वंश जुनाच राहिल्याने नियमाप्रमाणे कंसही गेला. आता त्या नावापुढे फक्त सुब्रह्मण्यन असे लिहायचे. हे काम करणाऱ्या चौघांत, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या लेखात 'पेडिनोमोनास' लिहिणारे गोएस होते, हेही मला महत्त्वाचे वाटते. आपणच वापरलेले नाव त्यांनी आपल्या हाताने खोडले.

जोडलेले समुद्र

आता प्राध्यापकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पाणी जोडलेले, वाहून जायला अडथळा नाही, मग जीव वेगळे का व्हावेत?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला कोपेपॉडांत सापडले. तांदळाच्या कणीहून लहान, लांब मिशांचे हे कवचधारी जीव समुद्रात सर्वत्र असतात. आपल्या जवळ्याचे ते दूरचे नातलग. भारतीय समुद्रांतल्या कोपेपॉडांची पद्धतशीर मोजदाद आर. बी. सेमूर सेवेल यांनी केली. ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते, आणि १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्तच्या बोटीवरून अरबी समुद्रात गेलेल्या जॉन मरे मोहिमेचे नेतृत्वही त्यांनीच केले. त्या काळी पाय, काटे आणि मिशांचे पेर मोजून जाती ठरत. अनेक जाती जगाच्या सगळ्या उबदार समुद्रांत एकच दिसत, म्हणून त्यांना एकच नाव होते.

२००५ मध्ये एरिका गोएट्झे यांनी अशाच दोन जुळ्या वाटणाऱ्या जाती घेतल्या : युकॅलॅनस हायलायनस आणि युकॅलॅनस स्पिनिफर. पहिलीचे ४५० आणि दुसरीचे ३८३ जीव जगभरच्या समुद्रांतून गोळा करून, आईकडून येणाऱ्या डीएनएचा मजकूर त्यांनी ताडून पाहिला. दोन्ही जाती जगभर पसरलेल्या होत्या, पण आतून वाड्या-वस्त्यांत विभागलेल्या होत्या. महासागरात पाण्याची प्रचंड चक्रे फिरत असतात. एका चक्राच्या आत जीव भरपूर मिसळत होते, चक्राच्या सीमेवर मात्र देवाणघेवाण थांबत होती. पाणी सीमा ओलांडत होते, जीवही बहुधा ओलांडत असावेत, पण पलीकडे त्यांचा निभाव लागत नव्हता. आणखी एक गोष्ट : एकाच सीमेचा परिणाम दोन्ही बहिणींवर सारखा नव्हता. एकीला जी भिंत होती ती दुसरीला नुसता उंबरठा.

उलट उदाहरणही आहे. काळा समुद्र हा बॉस्फोरसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राकडे जोडलेला. त्यातल्या कॅलॅनस कोपेपॉडाला १८९४ मध्ये वेगळी जाती मानले गेले आणि १९९१ मध्ये त्याला 'युक्सिनस' हे नवे नाव मिळाले. २००५ आणि २००६ मध्ये त्याचे जनुक भूमध्य आणि अटलांटिकमधल्या भाऊबंदांशी ताडले, तेव्हा फरक अगदीच थोडा निघाला. नावे दोन, पण घर जवळजवळ एकच.

मोकळ्या महासागरात एका नावाखाली दुरावा, आणि चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या दोन बाजूंना दोन नावांखाली जवळीक. नकाशावर पाहून यातले काहीच सांगता आले नसते. माझ्या लेखातली चूक इथे होती. मी नकाशावरच्या पाण्यावरून नाते ठरवले होते. नाते ठरते ते कोण कुठे जगले आणि कोणाची पिल्ले कुठे वाढली यावरून.

कोचीच्या बाटल्या

असा प्रश्न हिंदी महासागराला पूर्वीच विचारता आला असता का? १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या चाळीसच्या वर बोटी तीत होत्या. आपल्या नौदलाची 'कृष्णा' होती. अमेरिकेची 'अँटन ब्रून' होती, जी आधी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची खास बोट होती आणि जिच्या फेऱ्या मुंबईहूनही निघाल्या. प्लवक गोळा करण्यासाठी सर्वांनी एकाच मापाचे जाळे वापरायचे ठरले : तोंडाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर, २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचे. जाळे एक, म्हणून सगळ्या समुद्रांचे नमुने एकमेकांशी ताडता येतील.

हे दीड हजारावर नमुने कोचीला आले. तिथे हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्र उघडले होते. तरुण संशोधक महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव चिमट्याने वेगळा करत होते. कोपेपॉड इकडे, बाणासारखे कीटोग्नाथ तिकडे, माशांची अंडी आणखी कुठे. याच कामाच्या आधारावर १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर यांच्या संपादनाखाली प्लवकांचे नकाशे छापले गेले. त्या मोहिमेविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. त्या जीव वेगळे करणाऱ्यांविषयी तर त्याहूनही थोडे.

पण ते नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवले होते. तेव्हाची रीत तीच होती. फॉर्मलिन शरीराचा आकार उत्तम टिकवते आणि डीएनएची नासाडी करते. बाटलीतल्या जीवाचे पाय आजही मोजता येतील, त्याची जनुके वाचणे फार कठीण. डीएनए टिकवायचा तर अल्कोहोल हवे, हे नंतर रूढ झाले. यात कोणाचा दोष नाही. पुढच्या पिढीला कोणता प्रश्न पडेल, हे आधीच्या पिढीला कसे कळावे? त्यांच्या हातात जे होते ते त्यांनी चोख केले : प्रत्येक बाटलीवर बोट, स्थान, तारीख, वेळ, खोली लिहिली. त्यामुळे आज कोणी त्याच जागी पुन्हा जाळे टाकून अल्कोहोलमध्ये नमुना ठेवला, तर साठ वर्षांपूर्वीच्या नोंदीशी तो ताडता येतो. सुब्रह्मण्यन यांचे नाव परतले तेही याच कारणाने. त्यांनी काय पाहिले, कुठे पाहिले आणि कशात पाहिले, ते नीट लिहून ठेवले होते.

चिठ्ठी

माडीवरची ती बाटली मी फेकलेली नाही. पाणी कधीच ओतून टाकले, बाटली आहे. मागच्या महिन्यात तिच्यावरची चिठ्ठी काढून नवी लावली. प्रवासाचे तिकीट जपून ठेवले होते, त्यावरून तारीख मिळाली. जागा, रात्रीची अंदाजे वेळ आणि भरती होती हे लिहिले. 'नॉक्टिल्युका'पुढे 'बहुधा' असा शब्द घातला, कारण मी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली नव्हती. लाल की हिरवी, यासाठी एक जागा रिकामी सोडली.

प्राध्यापकांना पोस्टकार्ड पाठवले आहे. त्यांच्या एका ओळीला माझे उत्तरही एकाच ओळीचे : सर, जीव एक नाहीत, आणि पाणी पाहून ते ओळखू येत नाहीत. या हिवाळ्यात पुन्हा देवगडला जायचा विचार आहे. गिरणीचा हंगाम जोरात असतो, तेव्हा सुट्टी मिळेल की नाही सांगता येत नाही. मिळाली तर बरोबर थोडे अल्कोहोल, एक भिंग, तापमापी आणि शिसपेन्सिल नेणार आहे. शाईने लिहिलेली चिठ्ठी खाऱ्या पाण्यात पुसून जाते.